आधी इमारत, मग कपाटे: गोव्यातली संग्रहालये पाहण्याची रीत

गोव्यात संग्रहालय पाहायला जाणाऱ्याच्या एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. इथली बहुतेक महत्त्वाची संग्रहालये दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या इमारतींत आहेत. जुन्या गोव्यातले पुरातत्त्व संग्रहालय फ्रान्सिस्कन साधूंच्या मठात आहे. ख्रिस्ती कला संग्रहालय नन्सच्या मठात आहे, आग्वादचे तुरुंगात, आणि सीमाशुल्क विभागाचे मांडवीकाठच्या जकातघरात. म्हणून तिकीट काढून थेट काचेच्या कपाटांकडे जाऊ नका. आधी दहा मिनिटे इमारतीला बाहेरून फेरी मारा. भिंत किती जाड आहे, खिडकी किती उंचावर आहे, दार नदीकडे आहे की रस्त्याकडे, एवढे पाहिले की आतल्या निम्म्या वस्तूंचा अर्थ आपोआप लागतो.

हा लेख गोव्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी आहे. सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूरकडून दोन दिवसांसाठी येणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल.

पहिले काम: वार बघा

सर्वांत जास्त फेऱ्या फुकट जातात त्या सुट्टीच्या वारामुळे. बोगमाळोचे नौदल हवाई संग्रहालय, पणजीचे सीमाशुल्क संग्रहालय, रेईश मागूशचा किल्ला ही ठिकाणे सोमवारी बंद असतात. जुन्या गोव्यातले पुरातत्त्व संग्रहालय मात्र शुक्रवारी बंद असते. लोक सोमवार टाळून हुशारीने शुक्रवारी जातात आणि कुलूप बघून परततात. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा काढणाऱ्यांनी संग्रहालये पहिल्या दोन दिवसांत उरकावीत आणि सोमवार मंदिरे, बाजार आणि समुद्रासाठी ठेवावा.

वाराइतकीच तारीखही महत्त्वाची. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या खास प्रार्थना, चालतात. तेवढ्या काळात तिकडे जायचे ते फेस्त पाहायला जावे, संग्रहालयासाठी नाही, कारण वाहतूक वळवलेली असते आणि गाडी दूर लावावी लागते. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन. त्या दिवशी अनेक सरकारी संग्रहालयांत विशेष प्रदर्शने लागतात.

निघण्याआधी एक फोन कराच. जुन्या इमारतींत दुरुस्तीची कामे सारखी निघतात आणि एखादे दालन महिनोन्‌महिने बंद राहते. फोनवर "उघडे आहे का?" एवढेच विचारू नका. "सगळी दालने उघडी आहेत का, आणि शेवटचे तिकीट किती वाजता मिळते?" असे विचारा. पाचला बंद होणाऱ्या ठिकाणी साडेचारनंतर तिकीट मिळेलच असे नाही.

दुसरे काम: एका दिवशी एकच दिशा

गोवा नकाशावर लहान दिसतो, त्यामुळे सकाळी आग्वाद, दुपारी चांदर, संध्याकाळी बोगमाळो असा बेत आखला जातो. तो फसतो. मधे मांडवी आहे, जुवारी आहे, आणि दोन्ही पुलांवर संध्याकाळी गर्दी असते. चार गट करा: जुने गोवे, पणजी शहर, मांडवीपलीकडचे बार्देश, आणि जुवारीपलीकडचा दक्षिण भाग. एका दिवसाला एक गट, आणि त्यात दोन संग्रहालये. तिसरे जमले तर ठीक. तिसऱ्यानंतर डोळे पाहत असतात, पण मन घेत नाही.

वाहनाचे म्हणाल तर पणजीच्या कदंब बसस्थानकावरून जुने गोवे आणि फोंड्याकडे दर थोड्या वेळाने बस मिळते. मडगाव आणि वास्कोसाठी शटल आहे. ती मधल्या थांब्यांवर थांबत नाही, म्हणून रांगेत लागण्यापूर्वी आपले उतरण्याचे ठिकाण कंडक्टरला विचारून घ्या. एकट्या माणसाला शेवटच्या दोन-तीन किलोमीटरसाठी पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, सोयीची पडते. भाडे बसण्यापूर्वी ठरवा. दुचाकी भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने दिलेली सापडली तर पोलीस दंड करतात आणि दिवस तिथेच संपतो.

जुने गोवे: वरून खाली या

पणजीपासून जुने गोवे सुमारे १० किलोमीटर. गाडी आपली असेल तर महामार्गाने न जाता रायबंदरच्या रस्त्याने जा. पणजीचा पाटो हा भाग सोडल्यावर लागतो तो मिठागरांमधला सुमारे ३ किलोमीटरचा बांध १६३० च्या दशकातला आहे आणि आजही त्यावरून वाहने जातात.

बहुतेक लोक उतरल्याबरोबर बॉम जेझूसच्या मोठ्या चर्चमध्ये, म्हणजे बासिलिकात, शिरतात, मग समोरच्या से कॅथेड्रलमध्ये, आणि टेकडीवरचे ठिकाण उन्हात, दमल्यावर गाठतात किंवा सोडून देतात. क्रम उलटा करा. सकाळी आधी टेकडी चढा. चढ आखूड आहे, पण अकरानंतर अंगावर येतो. वर दोन गोष्टी समोरासमोर आहेत. एका बाजूला सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा, ४६ मीटर उंच. त्याचा दर्शनी भाग १९३१ मध्ये कोसळला. दुसऱ्या बाजूला सांता मोनिका हा नन्सचा मठ. त्याचे बांधकाम १६०६ मध्ये सुरू झाले. ख्रिस्ती कला संग्रहालय त्यातच आहे. ते १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, सुरू झाले, २००२ मध्ये इथे आले आणि मोठ्या नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडले. मांडणीच्या बाबतीत गोव्यातले हे सर्वांत नेटके संग्रहालय म्हणावे लागेल. प्रकाश, पाट्या, वस्तूंमधली मोकळी जागा, सगळे विचारपूर्वक केलेले आहे. पहिल्यांदाच संग्रहालय पाहणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

इथे हस्तिदंत, चांदी आणि लाकूड या तीन गोष्टींकडे लक्ष द्या. हस्तिदंती मूर्तींचे डोळे, केसांची वळणे, बसण्याची ढब पाहा. मूर्ती येशूची किंवा मेरीची असते, पण हात इथल्या कारागिराचा आहे हे लपत नाही. हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती घडवून घेऊ नयेत असे फर्मान सोळाव्या शतकात चर्चने काढले होते. घडवून घेतल्या जात होत्या म्हणूनच तशी बंदी घालावी लागली. गोव्यातल्या अनेक चर्चमध्ये प्रवचनाच्या लाकडी मंचाला नागिणींच्या आकृतींचा आधार दिलेला दिसतो, तोही याच हातांचा. ही खूण एकदा ओळखता आली की पुढे कुठल्याही गावच्या चर्चमध्ये ती सापडते. या संग्रहालयाला सव्वा तास द्या.

मग खाली उतरा. बासिलिकाचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ती पूर्ण झाली. तिच्या भिंतींचे जांभ्याचे उघडे तांबडे चिरे पाहून ती मुळातच तशी आहे असे वाटते. तसे नाही. तिचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला. जांभा सच्छिद्र असतो आणि पाणी पितो, म्हणून गोव्यात चिऱ्याच्या भिंतीला चुना लावत आले आहेत. गिलावा गेल्यापासून दर पावसाळ्यात हे चिरे झिजत आहेत. रस्ता ओलांडून पांढऱ्या से कॅथेड्रलपाशी जा, म्हणजे फरक शेजारी-शेजारी दिसेल. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आणि रविवारी सकाळी मिस, म्हणजे सामूहिक प्रार्थना, चालू असताना पर्यटक म्हणून आत हिंडू नये.

से कॅथेड्रलच्या मागे, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून पुरातत्त्व संग्रहालय आहे. चर्चचे दार वेगळे आणि संग्रहालयाचे दार वेगळे. चर्च पाहून "संग्रहालय झाले" असे समजून परतणारे रोज दिसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने हे १९६४ मध्ये सुरू केले. तिकीट नाममात्र आहे आणि १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. जाड भिंतींमध्ये मोबाइलचे जाळे दगा देते, तेव्हा दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा. दीड तास लागतो.

खालच्या मजल्यावर सर्वांत जास्त वेळ वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांना, द्या. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना वीरगळ पाहिलेला मराठी माणूस इथे अर्धी बाजी जिंकूनच येतो. वीरगळ खालून वर वाचायचा. तळच्या चौकटीत लढाई आणि वीराचा मृत्यू, मधे अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर ही कीर्ती राहो. वरून खाली वाचले तर गोष्ट उलटी होते आणि काही कळत नाही. घाटावरच्या वीरगळात गुरांसाठीची किंवा घोडदळाची लढाई सामान्यतः असते. गोव्यात मात्र काही वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे आहेत. कदंब राजांची सत्ता बंदरावर उभी होती. त्यांची एक राजधानी चांदरला होती, नंतरची जुवारीकाठी गोपकपट्टणला, म्हणजे आजच्या गोवा वेल्हाच्या परिसरात. हे दगड त्या आरमाराची साक्ष आहेत. एवढ्या एका दालनासाठी जुने गोवे गाठले तरी चालेल. शेजारच्या सतीशिळाही ओळखून घ्या. कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात ही त्यांची खूण.

वरच्या मजल्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची चित्रे ओळीने लावलेली आहेत. ही प्रथा १५४७ मध्ये जुआंव द काश्त्रूने सुरू केली. नावे वाचत बसू नका, तासभर जाईल आणि एकही लक्षात राहणार नाही. त्याऐवजी कपडे बघत चला. चिलखत जाते, झालर येते, केसांचा टोप येतो, शेवटी गणवेश येतो. दमट हवेत रंग उडत गेल्याने अनेक चित्रे पुन्हापुन्हा रंगवली गेली आहेत, म्हणून एकाच चित्रातला चेहरा आणि हात वेगवेगळ्या हातांनी काढल्यासारखे वाटू शकतात. आवारात गोवा जिंकणारा आफोंसो द आल्बुकेर्क आणि पोर्तुगीज कवी कामोंइश यांचे ब्राँझचे पुतळे आहेत. कामोंइशचा पुतळा १९६० मध्ये बाहेर चौकात उभारला होता आणि १९८० च्या दशकात आत हलवला गेला. चौकातला पुतळा संग्रहालयात का येतो हा गोव्याच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न आहे. मुलांना तो तिथेच विचारा.

पणजी: पायी

पणजीत गाडी काढू नका, लावायला जागा मिळत नाही. राज्य संग्रहालयाचा पत्ता जुन्या पुस्तकांत पाटोचा दिलेला असतो. ती इमारत रिकामी करून संग्रह जुन्या सचिवालयात, म्हणजे आदिलशहाच्या वाड्यात नेण्यात आला. तेव्हा पाटोला न जाता तिथे चौकशी करा. वाडा सुमारे १५०० च्या काळातला. १७५९ पासून व्हाइसरॉय इथे राहू लागले, १९६१ च्या गोवा मुक्तीनंतर सचिवालय झाले, आणि २००० साली पर्वरीला नवी इमारत होईपर्यंत विधानसभाही इथेच भरत असे.

चालत जायचा क्रम असा ठेवा. नदीकाठच्या निळ्या जकातघरातले 'धरोहर' हे सीमाशुल्क संग्रहालय आधी. तस्करीत पकडलेल्या मूर्ती, नाणी, हस्तलिखिते आणि माल लपवण्याच्या युक्त्या इथे पाहायला मिळतात. आठ-दहा वर्षांच्या मुलांना हे सगळ्यांत जास्त आवडते. तिथून नदीकाठाने वाडा. वाड्यालगत संमोहनविद्येचे गोमंतकीय अभ्यासक आबे फारिया यांचा पुतळा आहे, एका स्त्रीला संमोहित करताना. पुढे मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या चित्र-टाइल्सची भिंत आहे. त्यांना आझुलेजू म्हणतात. कार्यालयीन वेळेत गेलात तर त्या निवांत पाहता येतात. शेवटी मागे वळून फोंतेन्यश या जुन्या वस्तीत, फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या घरात आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांची चित्रे पाहा. सांगेचा हा चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकला आणि तिथेच त्याने शिकवले. मुंबईतल्या घरातल्या बायका, नोकर, दुपारचे ऊन त्याने फार जिव्हाळ्याने रंगवले आहे. मराठी माणसाने हे दालन चुकवू नये.

दुपारी एक ते तीन-साडेतीन पणजीची दुकाने झोपतात. जेवण साडेबारालाच उरका. नाहीतर पातळभाजी-पाव आणि चहावर संध्याकाळ गाठावी लागते.

काच, काळोख आणि कॅमेरा

"दालनात दिवे का एवढे मंद?" ही तक्रार नेहमीची. कापड, कागद आणि जलरंगांसाठी प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपास ठेवतात, तैलचित्रांसाठी २०० च्या. प्रकाशाने झालेली हानी साचत जाते आणि भरून येत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच मिनिटे लागतात, तेव्हा उन्हातून आल्यावर दारातच थोडे थांबा. फ्लॅश कुठेही वापरू नका. फोटोला परवानगी आहे का, हे प्रत्येक ठिकाणी तिकिटाच्या खिडकीवरच विचारा, कारण नियम सगळीकडे सारखे नाहीत.

पावसाळ्यात गर्दी कमी म्हणून संग्रहालयांचा तोच खरा हंगाम. मात्र चिऱ्यावरचे शेवाळ निसरडे असते, विशेषतः किल्ल्यांवर. रबरी तळाची, पकड असलेली चप्पल घाला. ओली छत्री आणि रेनकोट दारात ठेवा. दालनातला ओलावा वाढला की लाकूड आणि हस्तिदंत फुगतात आणि कापडावर बुरशी धरते.

बार्देश: दोन किल्ले, दोन तुरुंग

पणजीहून फेरीबोटीने बेतीला उतरा. पायी जाणाऱ्याला पैसे लागत नाहीत. तिथून रेईश मागूश थोड्या किलोमीटरवर आहे. किल्ल्याची सुरुवात १५५१ ची. १९९३ पर्यंत इथे तुरुंग होता, आणि दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये तो लोकांसाठी उघडला. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रांचे दालन आणि स्वातंत्र्यसैनिकांचे दालन पाहा. दारावरचे भोकही पाहा. चढून येणाऱ्या शत्रूवर उकळते तेल ओतायला ते ठेवले होते.

आग्वादला सगळ्यांत मोठा घोटाळा होतो तो दारांचा. टेकडीवरचा किल्ला, जिथे पाण्याचे प्रचंड टाके आणि १८६४ चा दीपस्तंभ आहे, तो वेगळा. खाली पाण्याच्या काठावरचा तुरुंग वेगळा. दोन्हींचे रस्ते वेगळे, तिकिटे वेगळी. टॅक्सीवाल्याला "आग्वाद" एवढेच सांगितले की तो वर सोडतो. "आग्वादचा जुना तुरुंग" असे सांगा. तुरुंग २०१५ पर्यंत चालू होता. नंतर कैदी कोलवाळच्या तुरुंगात हलवले आणि डिसेंबर २०२१ मध्ये संग्रहालय उघडले. राममनोहर लोहिया आणि गोमंतकीय स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्या कोठड्या इथे जपल्या आहेत. गोवा मुक्तीसाठीच्या १९५५ च्या सत्याग्रहानंतर नानासाहेब गोरे, मधू लिमये यांनी पोर्तुगीजांच्या तुरुंगात काढलेल्या महिन्यांचा अंदाज पुस्तकाने येत नाही. कोठडीत उभे राहून दोन्ही हात पसरले की येतो. संध्याकाळी चारनंतर जा, ऊन उतरलेले असते.

बार्देशात वेळ उरला तर पर्वरीजवळ तोर्ड्याचे गोव्यातल्या घरांवरचे संग्रहालय घ्या. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतले आधुनिक कलेचे म्युझियम ऑफ गोवाही पाहण्यासारखे आहे. दोन्हीकडे बसने पोचणे कटकटीचे. टॅक्सी थांबवून ठेवा, परतीची मिळत नाही.

दक्षिण

बोगमाळोचे नौदल हवाई संग्रहालय दाबोळी विमानतळापासून जवळ आहे. १९९८ मध्ये ते सुरू झाले. विमाने उघड्यावर आहेत, म्हणून सकाळी लवकर जा, टोपी आणि पाणी घेऊन. सी हॉक आणि अलिझे या १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडालेल्या जातीच्या विमानांपासून सुरुवात करा. मग उभे उतरू शकणारे सी हॅरियर, जे २०१६ मध्ये निवृत्त झाले. शेवटी अजस्र सुपर कॉन्स्टेलेशन. हे मूळचे एअर इंडियाचे, मग हवाई दलाकडे आणि १९७६ मध्ये नौदलाकडे आले. जवळच नौदलाचा तळ आहे. संग्रहालयाबाहेर विमानतळाच्या दिशेने कॅमेरा रोखू नका.

बाणावलीचे गोवा चित्र हे शेती आणि कारागिरीच्या अवजारांचे संग्रहालय. २००९ मध्ये ते उघडले. इथे एकट्याने फिरण्यापेक्षा माहिती सांगणाऱ्याबरोबरची फेरी घ्या, आणि तिची वेळ फोनवर विचारूनच निघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर न्या. घाणा, नांगर, मापे, मडकी यांबद्दल पाटीवर नसलेले ते सांगतील.

चांदरचा मिनेझिस ब्रागांझा वाडा संग्रहालय नाही, लोक राहतात ते घर आहे. दार वाजवा, थांबा, परवानगीशिवाय फोटो काढू नका, खुर्चीवर बसू नका. तिकीट नसते, ऐच्छिक देणगी असते. वाड्याचे दोन भाग दोन वेगळ्या कुटुंबांचे आहेत. एका भागात देणगी दिल्यावर दुसऱ्या भागात पुन्हा मागितली तर ती फसवणूक नाही. एवढ्या मोठ्या घराचे छप्पर दरवर्षी शाकारायचा खर्च दोघेही आपापला करतात. सुटे पैसे दोन पाकिटांत वेगळे ठेवून जा.